घरखर्चात मांडलेली सेवा

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी केनियातल्या एका शाळेत दोन महिने विनावेतन शिकवायला निघाली. नुकतीच पदवीधर झालेली, स्वतःची कमाई काहीच नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, लशी, सगळं मीच भरलं. मार्चअखेर पावत्यांची पिशवी घेऊन नाशिकला अशोक स्तंभाजवळ आमच्या सीएंकडे गेलो. म्हटलं, "समाजसेवाच आहे, करात सूट मिळेल ना?"

ते हसले. "कविराज, भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिली असती, तर १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात ८०जी कलम आहे. मुलीचा प्रवास हा तुमचा घरखर्च."

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आमच्या जकातीचा नियमही तोच. अडीच टक्के काढायचे, पण ते स्वतःच्या मुलाबाळांना देता येत नाहीत. आपल्या लेकरावर केलेला खर्च हे कर्तव्य, दान नव्हे.

घरी येताना मात्र सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने डॉक्टर मागितले, तेव्हा १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं. वर्गणीतून बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघाले. चोळकर आपल्या नागपूरचे. म्हणजे प्रवासाचा खर्च लोकांनी उचलला आणि त्याचा हिशेब राहिला.

पण कोटणीसांच्या घरानं काय दिलं? कमावत्या वयाचा मुलगा. तो चीनमध्ये असतानाच वडील वारले. बाकीचे चौघे परतले, हा तिथंच राहिला. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथल्याच परिचारिकेशी, कुओ छिंगलान हिच्याशी, लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं, १९४६ साली व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला. म्हणून निदान नाव तरी राहिलं.

बावीस हजारांची नोंद झाली. सोलापूरच्या त्या घराची वर्गणी कुठल्या रकान्यात लिहिणार?

माझी मुलगी सुखरूप परतली, एवढा मोठा परतावा मला मिळाला. त्या वर्षी कर पूर्ण भरला. पावत्या मात्र अजून कपाटात जपून ठेवल्या आहेत.