रेल्वे सिम्युलेशन खेळांतील अमेरिकी वाफेची इंजिने

रेल्वे सिम्युलेशन खेळांतील अमेरिकी वाफेची इंजिने म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९व्या व २०व्या शतकांत धावलेल्या वाफेच्या रेल्वे इंजिनांची संगणकीय प्रतिरूपे होत. यांपैकी काही प्रतिरूपे खेळाचे निर्माते पुरवतात. मात्र अनेक प्रतिरूपे हौशी अभ्यासकांनी तयार करून खेळांत समाविष्ट केली आहेत. अशा समावेशासाठी इंजिनाचा त्रिमितीय आकार, त्याच्या वर्तनाची आकडेवारी, ध्वनी आणि चालककक्ष असे चार घटक लागतात.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील कुजू एंटरटेनमेंटने विकसित केलेला मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर हा खेळ २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सहा मार्गांपैकी ईशान्य कॉरिडॉर व मोंटाना राज्यातील मरायस खिंड हे दोन मार्ग अमेरिकेतील होते. परंतु त्यांवर विजेची व डिझेलची इंजिने धावत. वाफेचे इंजिन चालवण्याची सोय युरोपीय मार्गांवर होती. या खेळात इंजिनाच्या वर्तनाची आकडेवारी साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवलेली असल्याने वापरकर्त्यांना ती वाचणे व बदलणे शक्य झाले, आणि अमेरिकी इंजिनांची उणीव हौशी निर्मात्यांनी भरून काढली. पुढे आलेला ओपन रेल्स हा मुक्त स्रोत सिम्युलेटर त्याच स्वरूपाच्या फाइली वापरतो व त्यांत वाफेच्या इंजिनासाठी अधिक तपशीलवार घटकांची भर घालतो. ब्रिस्बेन येथील ऑरन कंपनीचा ट्रेन्झ हा खेळही २००१ पासून वापरकर्त्यांनी बनवलेल्या सामग्रीसाठी ओळखला जातो.

इंजिनांचे प्रकार

अमेरिकी इंजिनांचे वर्गीकरण प्रामुख्याने व्हाइट पद्धतीने होते. तीत पुढची आधारचाके, चालकचाके व मागची आधारचाके यांची संख्या क्रमाने लिहितात. सिम्युलेशनच्या दृष्टीने पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत:

• ४-४-० (अमेरिकन): १९व्या शतकातील सर्वपरिचित रचना. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमोंटरी समिट येथे समोरासमोर आलेली ज्युपिटर व क्रमांक ११९ ही इंजिने याच प्रकारची होती. पहिले लाकडावर, तर दुसरे कोळशावर चाले.
• शे इंजिन: इफ्राइम शे यांनी १८८१ साली पेटंट घेतलेले, दंतचक्रांद्वारे चाके फिरवणारे इंजिन, जंगलातील लाकूडवाहतुकीत उपयुक्त.
• के-३६: डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेसाठी बाल्डविनने १९२५ साली बांधलेली दहा अरुंदमापी इंजिने.
• ४-८-८-४ (बिग बॉय): युनियन पॅसिफिकसाठी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने १९४१ ते १९४४ या काळात बांधलेली २५ जोडइंजिने.

माहितीची साधने

प्रतिरूपाची विश्वासार्हता मूळ साधनांवर अवलंबून असते. कारखान्यांची रेखाचित्रे, रेल्वे कंपन्यांची इंजिन-कोष्टके, छायाचित्रे आणि संग्रहालयांत जतन केलेली इंजिने ही मुख्य साधने होत. बाल्डविन कारखान्याच्या तपशील-नोंदी डॅलसमधील डीगोलियर ग्रंथालयात आहेत. जुन्या इंजिनांबाबत मात्र साधने तुटपुंजी आहेत. ज्युपिटर व क्रमांक ११९ दोन्ही भंगारात गेली. १९७९ सालच्या त्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृतींसाठी छायाचित्रांवरून नवी रेखाचित्रे करावी लागली. कृष्णधवल छायाचित्रांवरून मूळ रंगही निश्चित करता येत नाहीत.

एकाच इंजिनाचे रूप काळानुसार बदलत असल्याने प्रतिरूप कोणत्या वर्षाचे आहे, हेही ठरवावे लागते. बिग बॉय क्रमांक ४०१४ मुळात कोळशावर चाले. २०१९ साली पुन्हा धावू लागलेले हेच इंजिन तेलावर चालते.

वर्तनाची आकडेवारी

सुरुवातीचे ओढबल ठरवण्यासाठी पुढील सूत्र रूढ आहे (दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनासाठी):

ओढबल = ०.८५ × बॉयलरचा दाब × (सिलिंडरचा व्यास)² × दट्ट्याची धाव ÷ चालकचाकाचा व्यास

नळ्या व झडपांतून जाताना वाफेचा दाब घटतो. म्हणून बॉयलरच्या दाबाचा ८५ टक्के भाग धरतात. बिग बॉयचा दाब चौरस इंचास ३०० पौंड, सिलिंडरचा व्यास २३.७५ इंच, धाव ३२ इंच व चाकाचा व्यास ६८ इंच आहे. त्यावरून एका चाकसंचाचे ओढबल ६७,६८७.५ पौंड येते आणि दोन संचांचे मिळून १,३५,३७५ पौंड. रेल्वेने प्रसिद्ध केलेला आकडाही हाच असल्याने या सूत्राने नोंदींचा ताळा करता येतो. रेखाचित्रांत चाकाचा व्यास दिलेला असतो, तर मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरची फाइल त्रिज्या मागते. त्रिज्येच्या जागी व्यास लिहिल्यास ओढबल निम्मे होते.

केवळ ओढबल अचूक असून भागत नाही. वेग वाढला की वाफेचा खपही वाढतो, आणि बॉयलर ती किती वेगाने तयार करू शकतो यावर इंजिनाची शक्ती ठरते. म्हणून ओपन रेल्समध्ये जाळीचे (अग्निपेटीतील ज्वलनपृष्ठाचे) क्षेत्रफळ व बाष्पीभवनाचे क्षेत्रफळ नोंदवता येते. बिग बॉयची जाळी सुमारे १५० चौरस फुटांची होती. तिला हाताने कोळसा पुरवणे अशक्य असल्याने यांत्रिक कोळसाभरणीची व्यवस्था होती.

ध्वनी

दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाफेचे चार फुत्कार होतात. ६८ इंची चाक ताशी ४० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे दोन फेरे घेते, म्हणजे आठ फुत्कार ऐकू येतात. जोडइंजिनात दोन्ही चाकसंच स्वतंत्र असल्याने त्यांचे फुत्कार कधी एकत्र, तर कधी मागेपुढे पडतात. हा परिणाम एकाच ध्वनिमुद्रणातून साधत नाही.

मर्यादा व महत्त्व

पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या टी-१ (४-४-४-४) इंजिनांचे दोन स्वतंत्र चाकसंच एकाच ताठ चौकटीत होते, आणि चाके घसरण्यासाठी ती कुप्रसिद्ध होती. सर्व चाकांची पकड एकत्रित मोजणाऱ्या सिम्युलेटरमध्ये एकाच संचाचे घसरणे दाखवता येत नाही. या वर्गाची सर्व ५२ इंजिने मोडीत निघाली. न्यूयॉर्क सेंट्रलच्या हडसन (४-६-४) इंजिनांपैकीही एकही शिल्लक नाही. अशा इंजिनांच्या चालनाचा अनुभव देण्याचे सिम्युलेशन हे एक मोजके साधन आहे. मात्र साधनांअभावी अनुमानाने भरलेला तपशील प्रतिरूपात मूळ तपशिलाइतकाच खरा दिसतो. त्यामुळे कोणता आकडा नोंदीतून घेतला व कोणता अंदाजाने लिहिला, हे प्रतिरूपासोबतच्या माहितीत नमूद करणे उपयुक्त ठरते.

हेही पहा

• वाफेचे इंजिन
• बाल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स
• युनियन पॅसिफिक रेल्वे
• ओपन रेल्स