गिरणगावातील विद्यार्थी आणि संगणकीय कौशल्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकीय कौशल्य वाढले की विद्यार्थ्याची शैक्षणिक प्रगती होते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. परळ-लालबाग परिसराचा इतिहास पाहता हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक ठरते.

गिरणगावात विद्यार्थ्यांची मूळ अडचण जागेची होती. चाळीतील एका खोलीत संपूर्ण कुटुंब, शिवाय गावाकडून आलेले पाहुणे. तेथे अभ्यास करावयाचा कोठे? ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. त्यांचे महत्त्व केवळ अध्यापनापुरते नव्हते. दिवा आणि बसावयास जागा हेच त्या काळचे शैक्षणिक साधन होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी अनेक जण पुन्हा गिरणीत परतले नाहीत. वडिलांच्या जागी ‘बदली’ म्हणून लागण्याचा मार्ग बंद झाल्याने पुढच्या पिढीला प्रमाणपत्राखेरीज आधार उरला नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली व २००२ पासून ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे स्वागत याच पार्श्वभूमीवर झाले.

मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. हे कौशल्य नोकरीच्या अर्जासाठी संपादन केले गेले. पदवीच्या उत्तरपत्रिका हातानेच लिहावयाच्या होत्या. टंकलेखन येणारा विद्यार्थी इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत अधिक गुण मिळवील, असे मानण्यास कारण नव्हते. संदर्भशोधनासाठी संगणकाचा वापर शिकविणे हे महाविद्यालयांचे काम होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते पुरेसे झाले नाही.

शिवाय, तंत्रज्ञानाचा निकालावरील परिणाम विद्यार्थ्याच्या कौशल्यावरच अवलंबून नसतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यमापन सुरू केले. पूर्वतयारी अपुरी असल्याने ३१ जुलैची मुदत उलटली, अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदमुक्त करण्यात आले. यात विद्यार्थ्यांच्या संगणकीय साक्षरतेचा काहीही संबंध नव्हता.

२०२० मध्ये करोनाकाळात अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात ऑनलाइन झाल्या. भ्रमणध्वनी हाताळण्याचे कौशल्य बहुतेकांपाशी होते. परंतु वाचनालये बंद होती, आणि परीक्षा द्यावयाची होती ती घरातूनच.