भुलीचा वायू आणि विसरलेली काटकसर

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथर हुंगवून रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले. पण रुग्ण जो वायू श्वासावाटे परत बाहेर टाकतो, त्याचे काय? हा प्रश्न फार लवकर पडला तो लंडनच्या जॉन स्नो यांना, पुढे कॉलऱ्याचा उगम दूषित पाण्यात शोधणाऱ्या त्याच स्नो यांना. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड अल्कलीने शोषून घेतला, तर उरलेले भुलीचे औषध पुन्हा वापरता येते, हे त्यांनी १८५० च्या सुमारास प्रयोगाने पाहिले.

या कल्पनेला व्यवहारात आणले अमेरिकेच्या राल्फ वॉटर्स यांनी, १९२० च्या दशकात. सोडा लाइम भरलेल्या डब्यातून उच्छ्वास फिरवायचा, शुद्ध झालेला वायू रुग्णाला परत द्यायचा. १९३० च्या दशकात सायक्लोप्रोपेन आला. तो महाग होता, शिवाय ठिणगी पडताच स्फोट व्हायचा. त्यामुळे तो बंद नळ्यांतच फिरवणे भाग होते. काटकसर शिकवली ती किमतीने आणि भीतीने.

१९५६ मध्ये हॅलोथेन वापरात आला. तो पेट घेत नसे. भीती सरली, तसा वायूचा हातही सैल झाला. पुढे शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची चिंता उभी राहिली, तेव्हा उपाय निघाला तो वाया जाणारा वायू नळीने इमारतीबाहेर सोडण्याचा. खोली स्वच्छ झाली, आकाशाचा विचार कोणी केला नाही.

१९९० च्या दशकात आलेल्या डेसफ्लुरेनने हा हिशेब उघडा पाडला. रुग्णाला लवकर शुद्धीवर आणणे हा त्याचा गुण. पण शरीरात त्याचे विघटन जवळजवळ होतच नाही. जेवढा आत जातो, तेवढा बाहेर पडतो. १०० वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवतो. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तो वापरातून काढला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीयदृष्ट्या अपरिहार्य असेल तरच तो वापरण्याची मुभा आहे.

यात रुग्णाच्या सुरक्षिततेशी तडजोड नाही. सेव्होफ्लुरेनसारखा कमी घातक वायू, शिरेतून दिली जाणारी भूल, शक्य तेथे पाठीच्या कण्यातील इंजेक्शन, आणि वायूचा प्रवाह कमी ठेवून तोच पुन्हा फिरवणे, असे पर्याय भूलतज्ज्ञांच्या हाती आहेत. यातला शेवटचा उपाय तर वॉटर्स यांचाच. शंभर वर्षांपूर्वी वायू महाग होता म्हणून तो जपला गेला. आज तो जपायचा, तर त्याची खरी किंमत बाटलीवरच्या चिठ्ठीत मावत नाही, हे आधी मान्य करावे लागेल.