ठिणगीचें मोल

मोटारीच्या यंत्रांत सर्वांत क्षणभंगुर वस्तु कोणती, असें विचारल्यास ठिणगी हेंच उत्तर द्यावें लागेल. परंतु ती पाडणारें साहित्य बिघडलें म्हणजे सामान्य गृहस्थास आपल्या जुन्या गाडीच्या भवितव्याचीच चिंता पडते. महाग साहित्यावर उपाय कोणता, या प्रश्नास सातारा-सांगलीच्या टापूनें दिलेलीं उत्तरें मननीय आहेत.

१९०२ सालीं जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. पुढें १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि याच एका वस्तूसाठीं इंग्लंडासारख्या राष्ट्राची अडचण झाली; मॅग्नेटो घरीं करण्याची त्यास घाईनें तजवीज करावी लागली. परक्यावर विसंबण्याचें मोल किती, हें तेव्हां कळलें.

आपल्याकडे स्वतः करण्याचा मार्ग त्याआधींच निघाला होता. १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, त्यांच्या कारखान्यानें नांगरांपुढें जाऊन डिझेल एंजिनें केलीं. डिझेल एंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. ठिणगीची गरजच उरत नाहीं. मात्र तेल सोडणारा पंप अत्यंत नाजूक कारागिरीचा लागतो. एका खर्चाची सुटका झाली, ती दुसऱ्याच्या हमीवर!

तिसरा मार्ग घरगुती आहे. १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यांतून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडूं लागली व मध्यम वर्गाच्या दारांत येऊन उभी राहिली. अशा जुन्या स्कूटरांत ठिणगीचें काम चुंबकाचें चाक, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल व प्लग असे पांच जण वांटून घेतात. पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी उडून वीज वायां जाऊं नये, म्हणून कंडेन्सर असतो. पॉइंट वारंवार काळे पडत असतील आणि प्लगची ठिणगी पिवळट व दुबळी असेल, तर आधीं त्याचाच संशय घ्यावा. येथें पुष्कळ जण सबंध मॅग्नेटो प्लेट बदलून मोकळे होतात. वास्तविक तेवढ्याच क्षमतेचा, जुन्या मोटारींत वापरला जाणारा कंडेन्सर चाकाच्या उष्णतेपासून दूर, बाहेर नीट बसविला, तर तोच हेतु अल्प खर्चांत साधतो. पॉइंट घासून त्यांतील अंतर ठीक करण्यास तर केवळ श्रम पडतात.

प्लगच्या बाबतींत मात्र हा उदारपणा नको. लांबी वा उष्णता सोसण्याची जात चुकलेला स्वस्त प्लग पिस्टन जाळूं शकतो, आणि रुपया वांचविण्याच्या लोभानें शंभराची भर पडते.

पर्याय शोधणें म्हणजे स्वस्त माल शोधणें नव्हे. प्रत्येक भाग कोणतें काम करतो, हें ज्यास कळलें, त्यालाच कोठें काटकसर करावी आणि कोठें हात सैल सोडावा, हें उमगतें. कारखाने काढणाऱ्यांस हें ज्ञान भांडवलाइतकेंच उपयोगी पडलें. आपल्या दारांतल्या जुन्या गाडीसही तेंच तारील.