हॅम रेडिओचा टॉवर लावायचाय? बुलढाणा जिल्ह्यात घर घेण्याआधी काय तपासायचं?

हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं, वायरलेस सेट घेतला आणि अँटेना लावायला गच्चीवर गेलात, तर सोसायटीच्या अध्यक्षांनी अडवलं. अशा वेळी लायसन्स दाखवून उपयोग होत नाही. केंद्र सरकारचं लायसन्स तुम्हाला हवेत संदेश पाठवायची परवानगी देतं, दुसऱ्याच्या गच्चीवर खांब रोवायची नाही. म्हणून हा प्रश्न घर घेतानाच सोडवलेला बरा.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हौस म्हणून, पैसे न कमावता चालवलेलं वायरलेस केंद्र म्हणजे हॅम रेडिओ. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की ती देता येते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हॅमचा एक गट आधीच प्रसारण करत होता. इतर संपर्क तुटल्यावर अंदमानातले निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवण्यात या गटाचा मोठा वाटा होता.

फ्लॅट, भाड्याचं घर की स्वतःचा प्लॉट?

फ्लॅट: सर्वात वरचा मजला घेतला म्हणजे गच्ची आपली झाली, असं नाही. ती सहसा सगळ्या सभासदांची सामायिक जागा असते. त्यामुळे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लेखी मिळाला, तरच व्यवहार पुढे न्या. नुसत्या "लावा हो, कोण विचारतंय" वर विसंबू नका, कारण कमिटी बदलते.

भाड्याचं घर: लिव्ह अँड लायसन्स करारातच अँटेनाचं कलम घाला. उंची किती, कुठे बसवणार आणि घर सोडताना कोण काढणार, हे त्यात लिहा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं पक्कं बांधकाम केलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ नुसार घर खाली करून घ्यायला ते कारण ठरू शकतं. सिमेंटच्या पायावरचा टॉवर त्यात मोडू शकतो.

स्वतःचा प्लॉट: हा सर्वात मोकळा पर्याय. तरी शहरात नगरपरिषदेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे टॉवरसाठी परवानगी लागते का, ते आधी विचारा. अर्जात "मोबाइल टॉवर नाही, वैयक्तिक हौशी रेडिओचा खांब" असं स्पष्ट लिहा. शेजाऱ्यांचा विरोध बऱ्याचदा याच गैरसमजातून होतो.

बुलढाणा जिल्ह्यात जागा कुठली?

इथे भूगोल कामी येतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग त्याच्या तीनशे मीटरहून जास्त खाली आहे.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच जातात. सपाट जमिनीवर १६ मीटरच्या टॉवरचं रेडिओ-क्षितिज सुमारे १६ किलोमीटर भरतं. तेच खोऱ्यापासून ३०० मीटर उंच कड्यावर ७० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे घाटमाथ्यावर खोऱ्याकडे तोंड असलेल्या घराला साधा खांबही पुरतो. मात्र शहरातलं घर खोलगट भागात असेल, तर हा फायदा मिळत नाही.

७ मेगाहर्ट्झवर राज्यभर बोलायचं असेल, तर टॉवरचीही गरज नाही. साधारण २० मीटर लांबीची तार सात-आठ मीटर उंचीवर, दोन झाडांमध्ये बांधली तरी काम होतं. त्यासाठी खोऱ्यातलं अंगण असलेलं घर चांगलं.

लोणारमध्ये मात्र जपून. दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

इसार देण्याआधी काय पाहाल?

• महावितरणच्या तारा टॉवरच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर आहेत का? टॉवर पडलाच, तर तो तारांवर पडता कामा नये.
• ताणाच्या तारा स्वतःच्याच हद्दीत बसतात का?
• चांगलं अर्थिंग करायला जमीन आहे का? वीज कडाडली की अँटेनाची तार सेटपासून काढून ठेवावी लागते.
• रेडिओत खरखर किती येते? बॅटरीवरचा छोटा रेडिओ संध्याकाळी तिथे लावून ऐका. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बराच त्रास देतात.

घर पक्कं झालं की एक काम विसरू नका. लायसन्सवर केंद्राचा पत्ता असतो, तो बदलून घ्या. आणि परवानगी कुणाचीही असो, सोसायटीची, मालकाची किंवा ग्रामपंचायतीची, ती इसार देण्याआधी आणि कागदावर घ्या. एकदा खरेदीखत झालं की नाही म्हणणाऱ्याचं मन वळवण्यापलीकडे तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.