आनंदवनाच्या विटा

बेघर माणूस म्हणजे कामचुकार, हा समज जुना आहे. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानेही तोच जपला : उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही त्यात भिकारी ठरला आणि त्याला अटक करता येऊ लागली.

त्याआधीच, १९५१ मध्ये, तेव्हाच्या चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन सुरू केले होते. घराने आणि गावाने टाकलेल्या या माणसांनी खडकाळ जमिनीत विहिरी खोदल्या, शेती पिकवली. १९६४ मध्ये तेथे परिसरातील मुलांसाठी महाविद्यालय निघाले. त्याच्या बांधकामात याच हातांचे श्रम होते.

हे हात कष्टाला कधीच नाकारत नव्हते. त्यांना उभे राहायला जमीन हवी होती.