थेस्टिअस

पुनर्वसू नक्षत्रातील एका राक्षसी ताऱ्याचा बाह्यग्रह. दुसरे नाव पोलक्स-बी. अंतर सुमारे 34 प्रकाशवर्षे. पुनर्वसूच्या जोडीत जो तारा अधिक ठळक आणि नारिंगी झाक असलेला, तो पोलक्स. हा ग्रह त्याचा. शेजारचा पांढरा कॅस्टर 51 प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे दोघांची जवळीक आपल्या नजरेपुरतीच.

चांदूर बाजारहून (अक्षांश सुमारे 21.2° उत्तर) जानेवारीच्या मध्यास पोलक्स मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो, खस्वस्तिकापासून जेमतेम सात अंश उत्तरेला. गव्हा-हरभऱ्याला रात्रीच्या लायनीवर ओलीत करणाऱ्याने दांडाचे पाणी वळवताना मान वर केली, की ही जोडी समोरच. मात्र शेतकरी ज्या दिवसांत पुनर्वसूच्या, म्हणजे ‘तरण्या’ पावसाची वाट पाहतो, त्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य याच नक्षत्रात शिरलेला असतो आणि तारे दिसतच नाहीत.

ग्रह तर कोणत्याच महिन्यात दिसत नाही; त्याचा माग ताऱ्यावरूनच लागतो. पोलक्सचा वर्णपट ठरावीक कालाने किंचित सरकतो, म्हणजे तारा सेकंदाला चाळीसेक मीटर वेगाने, भरधाव रेल्वेइतका, आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर डोलतो. ही लय 1993 सालीच लक्षात आली होती. 2006 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तिचा अर्थ ग्रह असा लावला : वस्तुमान गुरूच्या किमान 2.3 पट, प्रदक्षिणा सुमारे 590 दिवसांत, ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 1.64 पट. नाव 2015 मध्ये जागतिक मतदानातून मिळाले. ग्रीक कथेत थेस्टिअस म्हणजे थेस्टियसची मुलगी लेडा, पोलक्सची आई. आईला मुलाभोवती फिरायला लावणारे हे नामकरण जरा अजबच.

पोलक्सची त्रिज्या सूर्याच्या नऊपट, तेज सुमारे 33 पट. त्यामुळे ग्रहावर पृथ्वीच्या बारापट उष्णता पोहोचत असावी आणि तिथून तारा आपल्या सूर्याच्या साडेपाचपट रुंद दिसावा. ग्रह बहुधा वायूचा. पाय ठेवायला जमीन नाही. तिथले डोंगर किंवा सूर्यास्त रंगवायचे, तर आधी एखादा उपग्रह कल्पावा लागेल. तसा एकही सापडलेला नाही.

मुळात ग्रहच आहे का, हाही प्रश्न निकालात निघालेला नाही. 2009 मध्ये पोलक्सवर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र आढळले आणि पुढे त्याच्या बदलांचा काळ ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाच्या आसपास निघाला. तेव्हा हे डोलणे ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याचे तर नव्हे? शंकेला आधार आहे. रोहिणीच्या, म्हणजे अल्डेबरानच्या, 2015 मध्ये पक्क्या मानलेल्या ग्रहावर 2019 मध्ये प्रश्नचिन्ह लागले. गॅमा ड्रॅकोनिस या राक्षसी ताऱ्याची 702 दिवसांची लय तर 2011 ते 2013 दरम्यान विरली आणि नंतर ताल चुकवून परतली. खरा ग्रह असा मध्येच सुट्टीवर जात नाही. पोलक्सची लय मात्र दशकानुदशके चुकलेली नाही, म्हणून थेस्टिअस अजून बाह्यग्रहांच्या यादीत टिकून आहे.